गोळी बंद केली म्हणजे बीटा पेशींना आराम मिळतो का?

प्रश्न, थोडक्यात: वय ४६. पाच वर्षांपूर्वी टाइप २ डायबेटिस निघाला. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन चालू आहे आणि दोन वर्षांपासून सकाळी ग्लायमेपिराइडही. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सातच्या आसपास असतं. गेले काही महिने जेवण लांबलं की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालत नाही, आणि एरवीही दिवसभर थकवा असतो. नेटवर वाचलं, एका व्हिडिओतही ऐकलं, की ही गोळी म्हणजे थकलेल्या घोड्याला चाबूक, ती इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची सगळी ऊर्जा संपवते आणि शेवटी पेशी मरतात. मेटफॉर्मिन तर म्हणे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावरच घाव घालते. म्हणून महिन्याभरापूर्वी ग्लायमेपिराइड गुपचूप बंद केली. थरथर थांबली, बरं वाटलं, पण उपाशीपोटी शुगर १२० वरून १८० वर गेली. भांडण होईल म्हणून बायकोला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. "ताई, आता मेटफॉर्मिनही सोडून पेशींना पूर्ण आराम द्यावा असं मनात आहे. मी पेशी वाचवतोय का स्वतःला फसवतोय?"

उत्तर:

दादा, आधी थेट सांगते म्हणजे तुम्ही खाली वाचेपर्यंत काही ठरवून बसायला नको, मेटफॉर्मिन सोडू नका, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करून सांगा की ग्लायमेपिराइड कोणत्या तारखेपासून बंद आहे. बाकीचं निवांत बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. एक आहे तुमच्या अंगाला जाणवणारी गोष्ट, म्हणजे थरथर, घाम, डोकं बंद पडणं. दुसरी आहे नेटवर वाचलेली थिअरी. थरथर थांबली म्हणून थिअरी खरी ठरली असं तुम्ही धरून चाललाय, आणि माझी पहिली हरकत इथेच आहे. जेवण लांबल्यावर घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही शुगर खाली गेल्याची अगदी ठरलेली लक्षणं आहेत आणि ग्लायमेपिराइडचा तो माहीत असलेला साइड इफेक्ट आहे. त्यासाठी तुमच्या पेशी मरत असायची काही गरज नाही. उलट गोळीने पेशींनी इन्सुलिन सोडलं, नको तेव्हाही सोडलं, म्हणून शुगर पडली. पेशी संपल्या असत्या तर ही गोळी त्यांच्याकडून काही काढूच शकली नसती.

आता ऊर्जेचं. बीटा पेशीत ऊर्जा हीच निरोप असते, आणि हे कळलं की निम्मा गोंधळ सुटतो. रक्तातली शुगर वाढली की ग्लुकोज पेशीत शिरतं, तिथे ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला पकडतं, पुढे मायटोकॉन्ड्रियात त्यापासून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, बनतं. शुगर जास्त तर एटीपी जास्त. हे एटीपी वाढलं की पेशीच्या भिंतीवरचे पोटॅशियम चॅनेल बंद होतात, पेशीचा विजेचा भार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि साठवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लुकोज दिलं की हे चॅनेल बंद होतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सेस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं. म्हणजे पेशी रक्तातली शुगर थेट मोजतच नाही, ती जाळते, आणि जाळून किती ऊर्जा निघाली त्यावरून किती इन्सुलिन सोडायचं ते ठरतं.

ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सगळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या नेमक्या त्याच पोटॅशियम चॅनेलला जाऊन चिकटतात आणि तो बंद करतात, एटीपी वाढलेलं असो वा नसो. (या गटाचा शोधही असाच अपघाताने लागला, १९४२ मध्ये फ्रान्समध्ये मोंपेलियेला मार्सेल जॅनबॉन टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते आणि काहींची शुगर धोकादायक खाली गेली, मग ऑग्युस्त लुबातियेर यांनी तो धागा पकडला.) तेव्हा "गोळी ऊर्जा शोषून घेते" हे वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही. गोळी ऊर्जेच्या पायरीला वळसा घालून पुढची कळ दाबते. इन्सुलिन सोडायला, परत नवीन बनवायला, आत आलेलं कॅल्शियम बाहेर फेकायला पेशीला एटीपी खर्चावं लागतं हे खरं, त्यामुळे काम वाढतं हेही खरं. पण तुमची दुपारची थरथर त्या खर्चाची नव्हती. शुगर कमी झालीये हे त्या चॅनेलला कळायचा मार्गच गोळीने बंद केलेला, म्हणून इन्सुलिन चालूच राहिलं. एवढीच ती भानगड.

मग चाबकाची गोष्ट सगळी खोटी का? नाही, आणि नेटवाल्यांना मी पूर्ण खोटं पाडणार नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या बीटा पेशी बशीत ठेवून त्यांच्यावर या गोळ्या दिवसचे दिवस ओतल्या तर काही पेशी मरतात असं दिसलंय. उंदरांच्या अंगात ग्लिबेनक्लामाइड सतत सोडत ठेवलं तर पेशींची इन्सुलिन सोडायची ताकद आटते असंही दिसलंय, फक्त त्याच प्रयोगात औषध काढल्यावर ती ताकद परत आली हे वाक्य व्हिडिओत कुणी म्हणत नाही. माणसांवरचा तुमच्या बाजूचा सगळ्यात दणकट पुरावा २००६ च्या अ‍ॅडॉप्ट नावाच्या ट्रायलमधला. नवीन डायबेटिस असलेल्यांना तीनपैकी एकच औषध दिलं आणि पाच वर्षांनी पाहिलं, तर ते एकटं औषध पुरेनासं झालं होतं असे लोक ग्लिबेनक्लामाइडवर ३४ टक्के, मेटफॉर्मिनवर २१ टक्के आणि रोझिग्लिटाझोनवर १५ टक्के. (रोझिग्लिटाझोनवर पुढे हृदयाच्या काळजीमुळे बरंच वादळ झालं, म्हणून ते आज कुणी पटकन देत नाही.) म्हणजे ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम सुरुवातीला झकास आणि नंतर लवकर ओसरतो, हे मान्य.

पण दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या लांबलचक अभ्यासात, ज्याचे मोठे निकाल १९९८ मध्ये आले, डायबेटिसचं निदान होतानाच बीटा पेशींची ताकद साधारण निम्मी झालेली दिसली, आणि नंतर ती सगळ्याच गटांत घसरत गेली. सल्फोनिलयुरियावाल्यांची घसरली, मेटफॉर्मिनवाल्यांची घसरली आणि ज्यांना मुख्यतः आहारावर ठेवलं होतं त्यांचीही घसरली. दादा, या शेवटच्या लोकांच्या पाठीवर कुठला चाबूक होता? घोडा आपोआपच थकत होता, आणि तो का थकत होता हा प्रश्न तुमच्या व्हिडिओने विचारलाच नाही.

आणखी एक उदाहरण आहे जे मला फार आवडतं. काही बाळांना जन्मापासून सहा महिन्यांच्या आतच डायबेटिस होतो, कारण जीनमधल्या बदलामुळे तोच पोटॅशियम चॅनेल बंदच होत नाही. हे कारण २००४ मध्ये सापडलं आणि मग २००६ मध्ये अशा ४९ जणांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिलं तर ४४ जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं. दहा वर्षांनी अशा रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा ९३ टक्के लोक अजून फक्त गोळीवरच होते, तेही आपल्याकडे देतात त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या डोसवर. गोळी मुळातच पेशी जाळून टाकणारी असती तर हे झालं नसतं. त्यांचा आजार वेगळा आणि तुमचा वेगळा हे मी विसरत नाहीये, त्यामुळे यावरून तुमच्याबद्दल थेट निष्कर्ष काढू नका, पण "ही गोळी घेतली की पेशी मरणारच" हा जो ठाम सूर आहे तो यात टिकत नाही.

मग पेशींना खरा त्रास कशाचा? बराचसा त्या शुगरचाच, जी तुम्ही सध्या १८० वर नेऊन ठेवलीय. अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्याच ऑक्सफर्डच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांच्या आणि बशीतल्या बीटा पेशींवर दाखवलं की शुगर दीर्घकाळ जास्त राहिली की पेशींची ग्लुकोज जाळायची यंत्रणाच मंदावते, मायटोकॉन्ड्रिया नीट एटीपी बनवू शकत नाहीत, आणि मग शुगर वाढली तरी निरोप पोहोचत नाही. त्यातही गंमत अशी की नुसतं ग्लुकोज आजूबाजूला असल्याने हे होत नाही, ते सतत जाळत राहावं लागल्याने होतं. ग्लुकोकायनेज थोडं अडवलं तर पेशी बऱ्याच सावरतात. याशिवाय बीटा पेशींची ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या उपद्रवी कणांचा मारा) झेलायची तयारी इतर पेशींपेक्षा कमी असते, आणि स्वादुपिंडात, लिव्हरमध्ये साचलेली चरबी हा वेगळा ताप. तुमच्या डोक्यातलं गणित असं की गोळी काढली म्हणजे काम कमी. पण गोळी काढल्यावर रक्तातली शुगर वाढली, आणि ती वाढलेली शुगर दिवसरात्र त्याच पेशींमध्ये घुसून जळतेय. म्हणजे इन्सुलिनची मागणी होती तिथेच आहे, फक्त मदत काढून घेतलीत. याला आराम म्हणत नाहीत हो.

खरा आराम देणारं औषध म्हणाल तर डायझॉक्साइड आहे, ते तोच चॅनेल उघडून ठेवतं आणि पेशीला इन्सुलिन सोडू देत नाही. ज्या बाळांमध्ये इन्सुलिन जास्त सुटतं त्यांना देतात. डायबेटिस असलेल्याने घेतलं तर शुगर वर जाते, त्यामुळे नुसती विश्रांती हा काही उपचार होत नाही. उलट चीनमध्ये नवीन निदान झालेल्या ३८२ लोकांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये आला होता, त्यात शुगर आटोक्यात आणून दोनेक आठवडे तशीच ठेवली आणि मग सगळी औषधं थांबवली, तर वर्षभरानंतर औषधाशिवाय शुगर नीट असलेले लोक इन्सुलिन पंप आणि इंजेक्शनच्या गटांत निम्म्याच्या आसपास निघाले, आणि गोळ्यांच्या गटात साधारण २७ टक्के. म्हणजे पेशी सावरतात, पण आधी शुगर खाली आणल्यावर.

मेटफॉर्मिनचं थोडक्यात उरकते कारण त्यात फार दम नाही. हो, मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स १ ला, म्हणजे ऊर्जा बनवण्याच्या साखळीतल्या एका कडीला, थोडं मंद करते, हे पुस्तकातही आहे. पण बशीतल्या प्रयोगात ती बऱ्याचदा इतकी घट्ट वापरतात की गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असते त्याच्या शेकडोपट होते. गोळीतलं औषध आतड्यातून आधी लिव्हरकडे जातं, लिव्हरच्या पेशींकडे ते आत ओढून घ्यायची सोय असते, आणि तिथे लिव्हरची शुगर बनवण्याची सवय कमी होते. त्यामुळे बीटा पेशींवरचा भार उलट हलका होतो. तुम्हाला पेशींना आराम द्यायचाय ना, मग तुमच्या दोन गोळ्यांपैकी जी तो आराम देतेय तीच सोडायला निघालात तुम्ही.

दिवसभराच्या थकव्याबद्दल मात्र मेटफॉर्मिनकडे एक बोट दाखवता येईल, वेगळ्या कारणासाठी. वर्षानुवर्षं घेतली की काही लोकांचं बी१२ कमी होतं, आणि त्याने थकवा, पायात मुंग्या, चिडचिड होते. पाच वर्षं झालीत, कधी तपासलंय का? नसेल तर बी१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकदा करून घ्या. थकलेला माणूस आणि थकलेली पेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या अंगातला थकवा बीटा पेशींच्या एटीपीवरून येत नाही. आणि १८० च्या पुढची शुगर स्वतःसुद्धा माणसाला मरगळ आणते.

आता करायचं काय. डॉक्टरांकडे जाताना थिअरी घेऊन जाऊ नका, थरथर घेऊन जा. "ही गोळी पेशी मारते असं वाचलं" म्हणालात तर समोरचा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरचं ऐकून कंटाळलेला असतो, तो दोन मिनिटांत विषय बंद करेल. "जेवण लांबलं की थरथर, घाम, गोंधळ होत होता, या तारखेपासून मी गोळी बंद केली, मग ते थांबलं आणि उपाशीपोटी शुगर १८० झाली" हे म्हणालात तर तो ऐकेल, कारण शुगर वारंवार पडणं हे औषध बदलायचं किंवा डोस कमी करायचं पूर्ण रास्त कारण आहे. ग्लुकोमीटर असेलच. भेटीपर्यंत रोज उपाशीपोटी आणि एखाद्या जेवणानंतर दोन तासांनी एक रीडिंग लिहून ठेवा. मागे थरथरलं तेव्हा मोजलं होतं का, मोजलं असेल तर तो आकडा सोन्यासारखा आहे, ७० च्या खाली असेल तर प्रश्नच मिटला.

पर्याय बरेच आहेत आणि तुमच्या काळजीला ते थेट लागू पडतात. ग्लायमेपिराइडचा डोस निम्मा करता येतो, किंवा गट बदलता येतो. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन या ग्लिप्टिन गोळ्या शरीरातलं जीएलपी१ हार्मोन टिकवून ठेवतात आणि तो निरोप बीटा पेशी शुगर वर असतानाच ऐकते, शुगर खाली आली की ऐकत नाही, त्यामुळे मेटफॉर्मिनसोबत दिल्या तर शुगर पडण्याचा धोका कमी. जीएलपी१ ची इंजेक्शनं त्याच रस्त्याने पण जास्त जोरात काम करतात आणि वजनही उतरवतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन वगैरे तर बीटा पेशीकडे जातच नाहीत, किडनीतून जास्तीची शुगर लघवीवाटे काढून टाकतात. इमेग्लिमिन नावाचं एक नवं औषध जपानमध्ये २०२१ साली मंजूर झालं, ते मायटोकॉन्ड्रियावरच काम करतं म्हणून व्हिडिओवाले त्यावर फिदा आहेत, पण त्याचा अनुभव अजून या बाकीच्यांएवढा नाही, मी त्याच्या मागे धावणार नाही. कुठलं तुम्हाला चालेल ते किडनी, हृदय, वजन आणि खिसा बघून ठरतं, आणि तुमची फाइल माझ्यासमोर नाही.

ग्लायमेपिराइडच राहिली तरी आभाळ कोसळत नाही हेही सांगते. २०१९ च्या कॅरोलिना ट्रायलमध्ये ती लिनाग्लिप्टिनसमोर वर्षानुवर्षं उभी केली होती, हृदयाच्या बाबतीत फरक निघाला नाही, शुगर पडण्याच्या बाबतीत मात्र ग्लायमेपिराइड स्पष्टपणे मागे. २०२२ च्या ग्रेड अभ्यासातही शुगर गंभीर पडण्याचं प्रमाण ग्लायमेपिराइडवर २.२ टक्के आणि सिटाग्लिप्टिनवर ०.७ टक्के होतं. म्हणजे या गोळीला नाव ठेवायचंच असेल तर शुगर पाडण्यावरून ठेवा.

आणि गोळ्या कमी करायची तुमची इच्छा मला चुकीची वाटत नाही, फक्त क्रम उलटा झालाय. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांची डायबेटिसची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती, हे ऐकून तुम्ही खूश व्हाल, पण त्याच दिवसापासून त्यांना साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या आहारावर ठेवलं, तीन ते पाच महिने, देखरेखीखाली. वर्षाने ४६ टक्के लोक औषधाशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होते, आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. जे सावरले त्यांच्या बीटा पेशी जेवणानंतरचं पहिलं इन्सुलिन परत सोडायला लागल्या होत्या. तुम्हाला पाच वर्षं झालीत, म्हणजे ती खिडकी अजून बंद झालेली नाही. वजन जास्त असेल तर डॉक्टरांना हेच विचारा, की असं काही माझ्यासाठी करता येईल का आणि गोळ्या कोणत्या क्रमाने उतरवायच्या. एकट्याने युट्यूब बघून साडेआठशे कॅलरी करू नका, विशेषतः ग्लायमेपिराइड परत चालू केली असेल तर मुळीच नाही, धाडकन शुगर पडेल. वजन आधीच कमी असेल, किंवा खटपट न करता उतरत असेल, तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. तेव्हा सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते यातून कळतं) आणि अँटिबॉडीच्या तपासणीबद्दल विचारा, कारण काहींचा टाइप २ वाटणारा डायबेटिस प्रत्यक्षात इन्सुलिन लागणारा निघतो.

बायकोचं. भांडण होईल म्हणताय, होऊ दे. ग्लायमेपिराइड चालू असताना तुम्ही गाडी चालवताना गोंधळला असतात तर शेजारी बसलेल्या माणसाला काय करायचं ते माहीत असायला हवं होतं, आणि तुमच्या घरात ते फक्त तुम्हालाच माहीत होतं. तिला सांगा की शुगर पडत होती, मी घाबरलो आणि गोळी बंद केली. पेशींचं व्याख्यान नको. आणि तिला हेही शिकवा: थरथर, घाम दिसला की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढंच, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

तुमच्यासारख्या इतरांसाठी दोन शब्द, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल किंवा जेवणाच्या वेळा बेभरवशाच्या असतील तर सल्फोनिलयुरियाबद्दल, त्यातही ग्लिबेनक्लामाइडबद्दल, डॉक्टरांशी स्वतःहून बोला. डायबेटिससोबत लहान वयात ऐकू कमी येऊ लागलं असेल आणि आईकडेही तसंच असेल तर ते मुद्दाम सांगा, मायटोकॉन्ड्रियाच्या जीनमधून येणारा एक प्रकार असतो आणि त्यात मेटफॉर्मिन सहसा टाळतात. सहा महिन्यांच्या आत डायबेटिस झालेलं कुणी घरात असेल, आता मोठं झालेलं असलं तरी, जेनेटिक टेस्ट झालीये का ते विचारा.

आणि दादा, हे वाचून घाईघाईने आज संध्याकाळी ग्लायमेपिराइड परत सुरू करू नका, महिनाभर बंद असलेली गोळी कोणत्या डोसने चालू करायची का नाहीच करायची हे फोनवर विचारूनच ठरवा. तोपर्यंत मेटफॉर्मिन ठरलेल्या वेळी घ्या. मध्येच खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, किंवा शुगर ३०० च्या वर असं काही झालं तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.